अडवलेल्या धावा

उन्हाळ्यासाठी इथली घड्याळं एक तास पुढे गेली की मला घरात बसवत नाही. कामावरून परत आलो तरी बाल्कनीत ऊन शिल्लक असतं आणि त्या उन्हाचं काय करावं ते कळत नाही. चहाचा कप घेऊन उभा राहतो, कप तिथेच विसरून आत येतो, पुन्हा बाहेर जातो. खाली वेस्टमीडच्या हॉस्पिटलकडे जाणाऱ्या रस्त्यावर जॅकरांडा अजून जांभळा झालेला नसतो, मॅगपाय मात्र अंगावर यायला लागलेले असतात. घरट्यात पिल्लं असतात त्यांची, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतात. सायकलवाले हेल्मेटला प्लास्टिकच्या पट्ट्या काट्यांसारख्या उभ्या बांधून फिरतात. माझी बायको फ्लोरी त्याच हॉस्पिटलात नर्स आहे. ती म्हणते, "तुझंपण तसंच आहे. ऑक्टोबर आला की मान खाली घालून चालतोस. जसं कोणी टोचणारच आहे."

ऑक्टोबर आमच्या वसईत परत परीक्षेला बसायचा महिना होता. मार्चला दहावीत जे गेले, त्यांची दुसरी खेप. मी गणितात गेलो होतो. फॉर्म भरला होता, हॉल तिकीट आलं होतं, शर्टाच्या खिशात घामाने ते मऊ पडलं होतं. शाळेच्या गेटपर्यंत गेलोही. आत मुलं छातीशी पॅड धरून उभी होती, एकजण दुसऱ्याला सूत्र विचारत होता, आणि ते सूत्र मला ऐकल्यासारखंही वाटलं नाही. मी वळलो. नाक्यावरच्या टाइल्सच्या दुकानात माल उतरवायला माणूस हवा होता, तिथे गेलो. संध्याकाळपर्यंत माझे दोन्ही तळवे सोलले होते आणि मला बरं वाटत होतं. त्यानंतर कुठल्याच ऑक्टोबरला मी बसलो नाही.

इथे फ्लोरीच्या व्हिसामागोमाग आलो. ती शिकलेली, म्हणून मी इथे. हे मी कुणालाही सांगतो, त्यात कमीपणा वाटत नाही. कमीपणा वाटतो तो पुढच्या प्रश्नाचा. आपल्या लोकांच्या घरी जेवायला गेलो की डाळ वाढता वाढता कोणीतरी विचारतंच, "आणि तुम्ही काय केलंत? ग्रॅज्युएशन कशात?" पहिली दोन वर्षं मी "कॉमर्स" म्हणायचो. मग कोणीतरी विचारायचं, कुठलं कॉलेज, आणि मी पाणी आणायला उठायचो.

काम पुन्हा टाइल्सचंच मिळालं, फक्त आता फोर्कलिफ्टवर बसून. फोरमन डॅरन, त्याने पहिल्याच दिवशी माझं पीट केलं. एकदा वरच्या रॅकवरून पॅकिंगच्या टेपचं जड बंडल घसरलं आणि त्याच्या पाठीमागून खाली आलं. मी जवळून जात होतो, हात गेला, बंडल हातात आलं. डॅरनने वळून आधी बंडलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"क्रिकेट?"

"हो."

"बेसबॉल?"

"नाही."

"शनिवारी दुपारी काय करतोस, मेट?"

बस, एवढीच मुलाखत. कागद नाही, मार्कशीट नाही.

डॅरनची टीम सगळ्यांत खालच्या ग्रेडची. मैदान हिल्सच्या बाजूला, चारी बाजूंनी गम ट्री म्हणजे इथली निलगिरी, मधे तांबड्या मातीचा चौकोन, त्याच्या कोपऱ्यांवर बेस. त्या चौकोनात दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे जो उभा राहतो तो शॉर्टस्टॉप. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे बहुतेक फटके त्याच्याच दिशेला येतात, जमिनीवरून, सुसाट, शेवटच्या क्षणी उसळी घेत. अडवायचा, उचलायचा आणि लांबवर पहिल्या बेसकडे फेकायचा, पळणारा पोचायच्या आत. तिथे टिकणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता. मी टिकलो. वसईला भात कापून झाल्यावर खुंटं राहिलेल्या शेतात आम्ही टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळायचो. त्या जमिनीवर बॉल कुठे उडेल ते देवालाही माहीत नसे. त्यामानाने इथली माती म्हणजे फरशी. ग्लोव्ह तेवढा जमायला वेळ लागला. इतकी वर्षं उघड्या हाताने बॉल धरलेला, आता डाव्या हातावर हे चामड्याचं मोठं झाकण. सुरुवातीला बॉल ग्लोव्हमध्ये शिरला तरी हाताला खरं वाटेना, उजवा हात धावत जाऊन खात्री करून यायचा.

पण बेसबॉलमध्ये नऊच्या नऊ जणांना पाळीपाळीने बॅटिंगला जावं लागतं. आणि बॅट माझ्या हातात म्हणजे नुसती काठी. खाली टप्पा पडेल म्हणून मी वाकून वाट बघायचो आणि बॉल टप्पा न घेताच बरगडीच्या उंचीवरून निघून जायचा. पहिला हिट बसला तेव्हा आनंदाने इतका पळालो की बॅट हातातच राहिली. पहिल्या बेसवर पोचून क्रिकेटसारखी ती टेकवलीसुद्धा. अंपायर म्हणाला, "मेट, ती घरी ठेवून यायची असते." फ्लोरीला सांगितलं तर ती दोन दिवस हसत होती. पुढच्या शनिवारी मी बॅग भरताना म्हणाली, "बॅट कशाला नेतोस? उगाच भार."

आत्ता हे लिहितानाही तोच ग्लोव्ह मांडीवर आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याला तेल द्यावं लागतं, बोटांच्या खाचांत जुनी तांबडी माती निघते. अंगठ्याने ती काढत बसलो की एक जुना वाद डोक्यात परत सुरू होतो. तो वाद आधी अनिकेतचा होता, आता माझा झालाय.

अनिकेत पुण्याचा. इथे युनीत मास्टर्स करायला आला, पीआर झाला, केलीव्हिलला घर घेतलं. कुठल्याशा कंपनीत आकड्यांचं काम करतो. आमच्या टीममध्ये दुसऱ्या बेसवर, म्हणजे अगदी माझ्या शेजारी उभा राहायचा. हात जरा जड, पण बॅट अशी की बॉल गम ट्रीमध्ये जायचा आणि पांढरे काकाकुवे कलकलाट करत उडायचे. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून त्याने मला दादा केलं आणि त्यानंतर सोडलं नाही. मॅच संपली की गाडीची डिकी उघडून, ब्रेडमध्ये सॉसेज घालून खात आम्ही बसायचो. तिथे त्याने एकदा विषय काढला.

"दादा, राग मानू नकोस, पण बोलू का?"

"तू न बोलता थोडाच राहणारेस."

"तू नवव्या नंबरला जातोस आणि आउट होतोस. म्हणजे आपण आठ जण खेळतो. आता फिल्डिंग. तुझ्या जागी कोणी साधारण माणूस ठेवला, तरी दहातले आठ बॉल तोपण अडवेल. तू नऊ अडवशील. त्या एका बॉलसाठी बॅटिंगमधला आख्खा माणूस घालवायचा?"

"घालवायचा काय, मी उभा राहतो की तिथे."

"उभा राहतोस, ते कबूल."

"मग कोणाला ठेवायचं म्हणतोस?"

"मी शॉर्टला येतो. सेकंडला तो नवीन आलाय ना, चांगला मारतो तो. तू बाकावर. म्हणजे गरज पडली तर येशीलच. तुला दुखवायला नाही सांगत. सगळ्यांच्या खेळाचा आलेख काढलाय मी. माझा उतरलेला दाखवला असतास तर मीपण ऐकलं असतं."

पलीकडून डॅरन ओरडला, "मेट, त्या भाषेत शिव्या मला देताय का?"

"नाही, मला देतोय," मी म्हणालो. सगळे हसले, मीपण. पण उरलेला ब्रेड मी काकाकुव्यांना टाकला.

कारण मला ती जागा हवी होती. इतकी की त्याची लाज वाटायची. चाळिशीला आलेला माणूस, घरी बायको डबल शिफ्ट करते, आणि हा शनिवारच्या एका जागेसाठी जीव टांगून बसलाय. पण या सबंध शहरात ती एकच जागा होती जिथे मला माहीत होतं पुढे काय करायचं. बॉल आला की मी विचार करत नसे. बाकी सगळीकडे करत असे. फॉर्म भरताना, फोनवर बोलताना, शेजाऱ्याला गुड मॉर्निंग म्हणतानासुद्धा आधी मनात म्हणून बघायचो. शॉर्टला उभा राहिलो की तीन तास डोक्यातला तो माणूस गप्प बसायचा. आणि अनिकेतचं म्हणणं मला खोडता येत नव्हतं, हे त्याहून वाईट. मारलेली धाव फळ्यावर लागते. अडवलेली धाव कुठे लिहिणार? ती झालेलीच नसते.

फ्लोरीला विचारलं. ती पायाला बाम चोळत होती. म्हणाली, "आमच्याकडे पेशंट पडला की चार पानी फॉर्म भरावा लागतो. कधी, कसा, कोण ड्यूटीवर होतं. पडला नाही तर कोणी लिहीत नाही की आज फ्लोरीने पडू दिला नाही."

"मग तुला काही वाटत नाही त्याचं?"

"वाटतं ना. पाय दुखतात."

सीझन फेब्रुवारीत आला. पश्चिमेकडून गरम वारा, माशा ओठांवर बसायच्या, उन्हासाठी नाकावर पांढरं झिंक मलम फासून आम्ही सगळे एकसारखे दिसायचो. दुपारी चारला आकाश काळंनिळं व्हायचं, कधी गारा, कधी नुसताच गडगडाट. उरले होते दोन सामने. त्यातला एक जिंकला तर आम्ही सेमीफायनलला. त्या टीमच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं, असं डॅरन दर पाच मिनिटांनी सांगायचा.

पहिला सामना. शेवटची इनिंग, धावा बरोबरीत, त्यांचा एक माणूस आउट, एक तिसऱ्या बेसवर. तो घरी, म्हणजे बॅटिंगच्या कोपऱ्यात, पोचला की धाव झाली आणि खेळ संपला. आमचा पिचर ग्रॅहॅम, साठी ओलांडलेला, रिटायर झालेला प्लंबर. त्याचा बॉल एवढा हळू की कंटाळून मारावासा वाटावा. त्यांच्या बॅटरने मारला. बॉल उंच गेला, माझ्या डोक्यावरून मागे, जिथे शॉर्टस्टॉपही नसतो आणि बाहेरचा फिल्डरही नसतो अशा मोकळ्या गवतात. मी पाठ करून धावलो. खांद्यावरून वळून वर पाहिलं तर ऊन. ऊनच ऊन. मग उन्हातून एक ठिपका निसटला. मी झेप घेतली, आणि बॉल ग्लोव्हच्या टोकाला, अगदी शेवटच्या बोटभर चामड्यात अडकला.

तसा झेल मी आयुष्यात घेतला नव्हता. पुन्हा घेतला नाही. गुडघ्यांवरून घसरत उठलो आणि आपल्याकडे जे करतात तेच केलं. बॉल जोरात आभाळात उडवला आणि दोन्ही हात पसरले.

क्रिकेटमध्ये झेल घेतला की गोष्ट संपते. बॉल मेला. बेसबॉलमध्ये झेल झाल्यावर बेसवरचा माणूस पळू शकतो, बॉल जिवंतच असतो. हे मला ठाऊक होतं. अनिकेतने कागदावर चित्र काढून समजावलं होतं, सीझनभर शंभर वेळा पाहिलं होतं. पण हातांना ठाऊक नव्हतं. हात पंचवीस वर्षं वसईच्या शेतात होते. मी बॉल वर फेकला आणि तो वर असतानाच तिसऱ्या बेसवरचा माणूस चालावं तसा घरी पोचला. त्याने घाईसुद्धा केली नाही. मग बॉल खाली आला, माझ्या पायाशी, गवतात.

डॅरन कमरेवर हात ठेवून झाडांकडे वळला. मग म्हणाला, "एवढा सुंदर कॅच मी या मैदानावर बघितला नाही." पुढचं वाक्य त्याने गिळलं. ते बोलला असता तर बरं झालं असतं.

गाडीपाशी अनिकेत आला. मला वाटलं, आता आलेख. मी त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, "ऐक. मी दहावी नापास आहे. कॉमर्स वगैरे काही नाही. ऑक्टोबरला गेटवरून परत आलो. तू कागदावर समजावतोस, मी हो म्हणतो, पण मला असं कागदावरचं हातात उतरत नाही. तू घे शॉर्ट. तुझं बरोबर होतं."

तो बुटांच्या नाड्या सोडत होता. सोडतच राहिला.

"दादा, तू माझ्याकडे बघितलं होतंस का तेव्हा?"

"कधी?"

"तू बॉल वर उडवलास तेव्हा. मी सेकंडवर नाचत होतो. दोन्ही हात वर. 'आउट रे, आउट' ओरडत. रनर निघालाय हे मला दिसत होतं, समोर दिसत होतं. तरी नाचत होतो. तुला 'फेक' म्हणून ओरडायचं काम माझं होतं." त्याने बूट डिकीत टाकला. "माझं मास्टर्स आहे."

आम्ही दोघं डिकीवर बसलो होतो. पार्किंग रिकामं होत होतं. मग तो हसायला लागला, आणि मला हसू आवरेना. डोळ्यांत झिंक जाऊन पाणी येईपर्यंत हसलो.

पण तो आठवडा गेला तो कसा, मलाच माहीत. फोर्कलिफ्टवर बसून मी तोच बॉल परत परत फेकत होतो. कधी घरी, कधी आभाळात. हसणं वेगळं, जागा वेगळी. ज्या टीममध्ये माझं एकच काम आहे, ते म्हणजे चूक न करणं, तिथे मी सीझनमधली सगळ्यांत मोठी चूक केली होती. बॅटवाल्याला चुकायची मुभा असते, दहादा आउट होऊन अकराव्यांदा त्याने गम ट्रीत मारला की माफ. माझ्याकडे माफी विकत घ्यायला दुसरं काहीच नव्हतं. बुधवारी टाइल्सचं आख्खं पॅलेट मी चुकीच्या ट्रकवर चढवलं. पॅलेट उतरवताना डॅरन काही बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्याचेही मी दहा अर्थ लावले. फ्लोरी म्हणाली, "जाऊच नकोस मग गुरुवारी प्रॅक्टिसला." मी बॅग भरली. म्हणाली, "तेच म्हटलं."

गुरुवारी सगळे गवतावर बसले होते. डॅरनने यादीचा पुठ्ठा मांडीवर घेतला, पेन कानामागून काढलं आणि शनिवारची नावं घ्यायला लागला. शॉर्टपाशी थांबला. माझ्याकडे बघायचं टाळून म्हणाला, "शॉर्टला मी विचार करतोय की…"

ग्रॅहॅम बूट काढत होता. मान वर न करता म्हणाला, "पीट नसेल तर मी टाकणार नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय ते तुला माहीत आहे. माझ्या बॉलला वेग नाही. ते मारणारच. मी फक्त ठरवतो की त्यांनी कुठे मारावा. मी त्याच्याकडे मारू देतो. तो तिथे नसेल तर मला स्वतः आउट करावं लागेल, आणि ते मला वीस वर्षांत जमलेलं नाही."

लोक हसले. डॅरन म्हणाला, "शनिवारचं विसरलास?"

"शनिवारी दुसरा कोणीही असता तर तो बॉल गवतात पडला असता आणि तीच धाव झाली असती. कोणी त्याला चूकही म्हटलं नसतं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "चुकलास तू. मूर्खासारखा चुकलास. पण तिथपर्यंत पोचलास म्हणून चुकलास."

अनिकेतने हात वर केला, शाळेत करतात तसा. "माझंही तेच मत आहे," म्हणाला, आणि मला मराठीत, हळूच, "आलेख अजून माझ्याच बाजूने आहे हां, दादा."

डॅरनने लिहिलं. पीट, शॉर्ट. बॅटिंगला नववा.

आज इतके उन्हाळे झाले, तरी तो हिशेब मला सुटत नाही. ग्रॅहॅम म्हणाला ते खरं असेल तर मी त्या दिवशी काही वाचवलंही नाही आणि काही घालवलंही नाही. झेल आणि चूक एकमेकांना खाऊन गेले. मग त्या गवतात मी नक्की केलं काय? अनिकेतला अजून फोनवर विचारतो, तो अजून म्हणतो, बॅट. बरोबरही असेल. मुलांना शिकवताना मी पण आधी बॅटच देईन हातात. पण आयुष्यात माझ्यासाठी कोणी काय केलं ते आठवायला बसलो, तर हाताला लागतं ते सगळं न झालेलंच. फ्लोरीने मला घरी परत पाठवलं नाही. डॅरनने कागद मागितले नाहीत. जे घडलंच नाही त्याबद्दल माणसाला थँक्यू कसं म्हणायचं, कुठल्या वाक्याने सुरुवात करायची, हे मला येत नाही. म्हणून मी नुसता बाल्कनीतून आतबाहेर करतो.

तो शनिवार आम्ही एका धावेने जिंकलो, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात सेमीफायनलला सपाटून हरलो. जिंकलो त्यात माझा एकही हिट नव्हता. त्या सामन्यातलं मला फारसं आठवत नाही, फक्त पहिली इनिंग आठवते. ग्रॅहॅमने त्याचा तो आळशी बॉल सोडला आणि बॅटचा टण्ण आवाज आला. बॉल माझ्या उजव्या बाजूला, जमिनीला घासत. मी दोन पावलं गेलो, आडवा झालो, ग्लोव्ह उलटा वळवून बॉल घेतला, उठता उठता फेकला. पहिल्या बेसवर आउट. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, साधा बॉल होता. मी ग्रॅहॅमकडे बघितलं, त्याने मान तरी हलवावी म्हणून. तो माझ्याकडे पाठ करून, घामेजलेल्या हाताला लावायच्या पावडरची पिशवी उचलायला खाली वाकला होता. बॅटचा आवाज होताच वाकला असणार. बॉल कुठे गेला, ते त्याने पाहिलंच नव्हतं.